छताला दुसरा हात

आजच्या सभेचे अध्यक्ष, आपले महापौर द्युव्हालेसाहेब, चित्रशाळा समितीचे सन्माननीय सभासद, उद्यापासून माझ्या जागी येणारे आशील बोनेर, तिसऱ्या रांगेतल्या कोलोंबताई सोव्हाजो, आणि रूआँकर मित्रहो,

बसूनच बोललो तर चालेल ना? थकलोय आता. चांदीची तपकिरीची डबी दिलीत, आभारी आहे. डॉक्टरांनी तपकीर बंद केलीय, हे समितीला कोण सांगणार!

महापौरसाहेब म्हणाले, मी पस्तीस वर्षं या गावाला कलेतले शब्द शिकवले. रोकोको, अभिजात, उदात्त, रोमँटिक. खरं सांगू? या शब्दांचा मला कंटाळा आलाय. पुस्तकात ते आज शहाण्यासारखे बसतात. आम्ही त्यांतले निम्मे शिव्या म्हणून वापरले.

मी तेव्हा बावीस वर्षांचा होतो. शाळा कोलोंबताईंच्या वडिलांची, सोव्हाजो गुरुजींची. या दालनाचं छत त्यांनी रंगवलं होतं. गुलाबी ढग, शिंपल्यांची नक्षी, गुबगुबीत बाळं. आम्हाला हवा होता प्राचीन रोम! ताठ रेषा, ताठ माणसं, तलवारीवर घेतलेल्या शपथा. कोळशाच्या रेघा खोडायला आम्हाला पाव मिळायचा. त्याच्या गोळ्या करून आम्ही बाळांना मारायचो आणि ओरडायचो, "रोकोको! रोकोको!" गुरुजी मान खाली घालून खडू तासत राहायचे. शेवटी एका रविवारी मी शिडी लावली आणि सगळ्या छताला चुना फासला.

सोमवारी गुरुजी आले. वर बघितलं. मला वाटलं, आता थोबाडीत बसणार. ते एवढंच म्हणाले, "चुना पातळ झालाय, ग्रेग्वार. दुसरा हात दे, नाहीतर खालचं वर येईल." टोपी घातली आणि गेले. पुन्हा शाळेत आले नाहीत. त्याच हिवाळ्यात वारले. त्यांची खुर्ची मला मिळाली.

परवा आशीलचं चित्र बघितलं. वादळ, फुटलेलं जहाज, बुडणारी माणसं. म्हटलं, "अरे, यात रेषासुद्धा बुडाली की! शुद्ध रोमँटिक आहेस तू!" तर हा वाकून म्हणतो, "आभारी आहे, गुरुजी." आणि बाहेर पोरांना काय म्हणाला? "जुना केसांचा टोप चालला एकदाचा!" आशील, मान वर कर, खडू तासायला अजून पुष्कळ वर्षं आहेत. माझ्या मागचं हे मी रंगवलेलं शपथेचं चित्र तू भिंतीवरून उतरवणार, ठाऊक आहे मला. उतरव. फक्त त्यावर काही फासू नकोस. माळ्यावर ठेव.

गुरुजींचं खरं ठरलं. त्या कोपऱ्यात पाणी मुरतं, दर वसंतात चुना सुटतो, आणि एका बाळाचं पाऊल दिसू लागतं. दर वर्षी बक्षीस समारंभाच्या आदल्या दिवशी मी दार लावून शिडीवर चढलो आणि दुसरा हात दिला. शिपायालाही चढू दिलं नाही. कोलोंबताई, तो गुलाबी रंग लहानपणी तुम्हीच घोटला होतात. पस्तीस वर्षं दर समारंभाला तुम्ही त्याच कोपऱ्याखाली बसत आलात, आणि मला एका शब्दाने बोलला नाहीत. त्याचंच ओझं झालं हो मला.

असो. समितीचे, विद्यार्थ्यांचे, तुम्हा सर्वांचे आभार. बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर तुम्ही पोटात घालालच. पण माझी मोठी चूक बोलण्यातली नाही, आणि तिची क्षमा मला एकाच व्यक्तीकडे मागायची आहे.

ताई, यंदा मी शिडी मुद्दाम लावली नाही. जरा वर बघा. दोन्ही पावलं आलीत.