सहा ते सात मजा

...नाही, पण मला सांगा, मजा काय फळ्यावर वेळ लिहून करतात? तुम्हाला सांगतो, आयुष्यभर सुतारकामाचा मास्तर मी, निवृत्त झालो, कुणीतरी म्हणालं परदेशात एका शाळेची बाकं करून द्यायचीत, तीन महिने, सेवा म्हणून! गेलो! आता बाकं करायची तर बाकं करू द्या की! पण नाही. सकाळी बाकं, दुपारी बाकं, आणि संध्याकाळी... सहा ते सात मजा! फळ्यावर लिहिलंय! खाली सगळ्यांच्या सह्या! माझीसुद्धा!

आमच्या प्रमुख बाई, मी त्यांना मजाबाई म्हणतो, म्हणजे मनातल्या मनात, बरोब्बर सहाला शिट्टी फुंकतात. "काका, चला! संघभावना!" अहो, माझी संघभावना दिवसभर रंधा मारून कमरेत भरलीय! एकदा काय, दोघांनी पाठीला पाठ लावायची, मध्ये फुगा, आणि तसंच दारापर्यंत चालायचं. माझ्या पाठीला कोण? सेवेला आलेले दातांचे डॉक्टर. सव्वासहा फूट! फुगा त्यांच्या कमरेला, माझ्या मानेला... आणि वर टाळ्या!

बरं, तेही सोसलं असतं हो. पण इंटरनेट अख्ख्या जागेत त्या एका हॉलमध्ये, तेही तासभरच. घरी बोलायचं कधी? सहा ते सात! आणि सहा ते सात काय? मजा! मी विचारतो, "जेवलीस का गं?" मागून "हुर्रे!" ती म्हणते, "काय म्हणालात?" मी परत "जेवलीस का", तोवर चार पोरी कॅमेऱ्यात घुसून "हॅलो काकू!" झालं, संपला आमचा संसार!

आणि मागच्या महिन्यात हिच्या डोळ्याचं ऑपरेशन. तारीख होती मी परतल्यावरची, दवाखान्यानं अलीकडे ओढली. म्हटलं, येतो. तर म्हणाली, "तुम्ही येऊन काय डोळा धरून बसणार? सूनबाई आहे. बाकं पुरी करा." सोपं असतं हो ते ऑपरेशन, सगळे म्हणतात. पण हिचा दुसरा डोळा लहानपणापासून अधू... हा एकच काय तो भरवशाचा. खोटं नाही सांगत, त्या दिवशी तीन बाकांचे पाय आखूड कापले मी. जीव थाऱ्यावर नव्हता.

दुसऱ्या दिवशी पट्टी सुटायची होती. मजाबाईंना हात जोडले, "बाई, आज तेवढी मजा माफ करा." तर, "काका, आज सोप्पं आहे! बादली डोक्यावर घालून नाचायचं फक्त!"

फक्त!

मी कोपरा गाठला, फोन लावला. सूनबाईनं फोन हिच्यासमोर धरला. काळा चष्मा घातलेली ही. मागे सगळी गँग धिंगाणा घालतेय, आणि इथे मी फोनला नाक लावून! हिनं चष्मा वर केला, फोनजवळ वाकली... बघतेय, बघतेय... शेवटी मीच ओरडलो, "अगं, दिसतंय का काही?"

"काय दिसणार कपाळ? सगळीकडे तुम्हीच दिसताय! जरा बाजूला सरका ना, ते उंच डॉक्टर निळी बादली घालून काय गोड नाचतायत!"

सरकलो. डोळे पुसायचेच होते मला. तर परत ही, "आणि तुम्ही काय असे खांबासारखे उभे? तुमची बादली कुठाय?"

आता रोज सहाला फोन लावतो, खिडकीत उभा करतो, हिला सगळा हॉल दिसेल असा... आणि मुकाट्यानं बादली डोक्यावर घालतो. काय करणार? आमच्यात तेवढंच बोलणं होतं!