सोमवारची रेघ

सासू : कचऱ्यातून काढली म्हणून काय झालं? चोरी तर नाही केली. घर माझं, कचऱ्याचा डबा माझा, आणि नातवंडही माझंच.

सून : आई, ती पट्टी मी पहाटे केली होती. तुम्ही ती दुपारी काढलीत.

सासू : मग? तू शाळेत गेली नाहीस, पोटात दुखतंय म्हणालीस, दार लावून पडलीस. मी म्हटलं, बघू तरी काय आहे. तर दोन रेघा. एक ठसठशीत, दुसरी फिकी. फिकी म्हणून काय नाकारायची? चाळीस वर्षं रफूचं दुकान चालवतेय मी. एक धागा उसवला तरी लांबून दिसतो मला. वह्या तपासून तपासून तुझेच डोळे गेलेत, मास्तरीणबाई.

सून : कुणाला सांगितलंत का?

सासू : कुणाला म्हणजे? पोराच्या बापाला.

सून : ह्यांना?

सासू : मग काय पोस्टमनला सांगू? फोन केला. मागे त्याची यंत्रं धडधडत होती. तीनदा ओरडले तेव्हा त्याला कळलं. मग त्याच्याबरोबरची माणसंच टाळ्या वाजवायला लागली. म्हणाला, आई, साहेबांकडे सुट्टी मागतो, मिळाली की संध्याकाळी फोन करतो.

सून : आणखी कुणाला?

सासू : कुणाला नाही. खालच्या इस्त्रीवाल्याला तेवढं सांगितलं, तो तर घरचाच. आणि त्याच्या बायकोला. ती तिथेच उभी होती, तिला काय कान झाक म्हणू?

सून : पाकिटावर लिहिलंय, पाच मिनिटांत बघायचं. दहा मिनिटं होऊन गेली की बघायचंच नाही.

सासू : दुसरीत शाळा सुटली माझी, हे तुला ठाऊक आहे. बारीक अक्षर मला दाखवू नकोस. रेघ बघायला शाळा कशाला लागते?

सून : पट्टी वाळली की ओल उडून जाते, आणि मागे एक डाग राहतो. कापडावर पाणी सांडलं की वाळल्यावर कड उमटते ना, तसाच. त्याला रंग नसतो, राखाडी असतो तो. खरी रेघ कितीही फिकी असली तरी तिला रंग असतो. ह्या पट्टीवर गुलाबी.

सासू : मग ही गुलाबीच आहे.

सून : थांबा. टेबलावर ते पांढरं अस्तर पसरा. उजवीकडे तुमची दुपारची ठेवा. डावीकडे ही.

सासू : ही दुसरी कुठून काढलीस? कधीची?

सून : आधी रंग सांगा.

सासू : दोन्ही सारख्या. एकाच रिळातला धागा म्हण.

सून : खिडकीपाशी धरून बघा.

सासू : खिडकीत काय आहे आता, अंधारून आलंय. दिवा लाव. हं. सारख्याच आहेत. गुलाबी. माझी परीक्षा घेतेस का?

सून : डावीकडची गुलाबी आहे, आई. उजवीकडची राखाडी.

सासू : तुझं काहीतरीच.

सून : सकाळी तो काळ्या कोटवाला परत आला होता. तुम्ही आंघोळीला गेला होता. कोटाला निळ्या धाग्याने रफू झालंय. वीण अशी की बोट फिरवलं तर कळत नाही. उन्हात धरलं की निळं दिसतं.

सासू : काय म्हणाला?

सून : म्हणाला, बाईंचा हात तोच आहे, पण हे कसं झालं? मी सांगितलं, धागा मी काढून दिला होता, चूक माझी. कोट ठेवून घेतलाय.

सासू : तू का अंगावर घेतलीस?

सून : त्या दिवशी शाळेला उशीर होत होता, धागे काढायचे राहून गेले. एरवी गेले दोन महिने निघायच्या आधी मीच काढून ठेवते. प्रत्येक कापडावर त्याच्याच रंगाचा धागा.

सासू : मला वाटायचं, तू माझ्या धाग्यांच्या डब्यात लुडबुड करतेस. खाली सांगूनसुद्धा बसले मी, सुनेला दुकान हवंय म्हणून.

सून : कळलं मला. इस्त्रीवाल्याच्या बायकोनेच सांगितलं.

सासू : त्या बाईच्या तोंडात तीळही भिजत नाही.

सून : मोतीबिंदू असेल. काढता येतो. घाबरायचं काही नाही.

सासू : घाबरलंय कोण? विषय बदलू नकोस. ही डावीकडची कधीची?

सून : सोमवारची.

सासू : सोमवारची. आणि आज शुक्रवार.

सून : चार मिनिटांत आली होती. फिकी, पण गुलाबी. डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. म्हणाल्या, फार लवकर बघितलंस म्हणून फिकी असेल, तरी आहे असंच धरू. मंगळवारी रक्त घेतलं, काल पुन्हा घेतलं. दोन दिवसांत आकडा चढायला हवा होता. निम्म्यावर आला.

सासू : म्हणजे?

सून : म्हणजे राहिलं होतं. टिकलं नाही.

सासू : चार दिवस एकटी वागवत होतीस. मला सांगावंसं नाही वाटलं?

सून : रेघ गडद झाली की सांगणार होते. मागल्या वर्षी लवकर सांगितलं. तुम्ही त्याच दिवशी मलमल कापायला घेतलीत. सात झबली शिवलीत. नंतर ती कुठे गेली, मी कधी विचारलं नाही.

सासू : आहेत. पेटीच्या तळाला. वर हिवाळ्याचे कपडे घातलेत, म्हणजे तुझ्या हाताला लागायची नाहीत.

सून : लागली होती एकदा.

सासू : काल आकडा कळला होता, मग आज पहाटे पुन्हा पट्टी कशाला केलीस?

सून : आकडा कागदावरचा. मला रेघ बघायची होती. घड्याळ लावून मोरीत स्टुलावर बसले. पाच मिनिटं झाली. नाही आली. मग टाकून दिली. दहा वाजता रक्त दिसलं.

सासू : आणि मी दुपारी नाचत होते.

सून : तुम्हाला माहीत नव्हतं.

सासू : डॉक्टरीण काय म्हणते?

सून : माझं काही चुकलं नाही म्हणाल्या. खूप गेलं किंवा दुखणं वाढलं तर लगेच या, नाहीतर सोमवारी दाखवा.

सासू : सोमवारी मी येते बरोबर. उभी काय राहिलीस, बस खाली. ती उशी घे पाठीशी. ऐक. माझा पोरगा व्हायच्या आधी मलाही दोनदा उशीर झाला होता. एकदा नऊ दिवस, एकदा बारा. सासूबाई म्हणाल्या, ओझी उचलतेस, पाळी पुढे जाणारच. मीही तेच म्हटलं. दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं. तेव्हा पट्ट्या नव्हत्या घरोघरी. काय होतं, होतं की नव्हतं, कुणी विचारलं नाही.

सून : तुम्हाला काय वाटलं होतं?

सासू : नऊ आणि बारा. लग्नाची तारीख विसरले मी, हे आकडे विसरले नाही.

(फोन वाजतो.)

सून : ह्यांचा असेल. सुट्टी मिळालेली दिसतेय. द्या, मी बोलते.

सासू : तू बस. मी सांगितलं, मीच परत घेणार. खाली इस्त्रीवाल्यालाही मीच सांगेन. त्याच्या बायकोला वेगळं सांगायला नको.

सून : ह्यांना काय सांगाल?

सासू : तुझ्या आईला आता गुलाबी आणि राखाडी कळत नाही, असं सांगेन. डोळे दाखवायला घेऊन जा म्हणेन. साहेबाला तेवढं कारण पुरतं, सुट्टी परत करायला नको.

सून : आणि माझं?

सासू : ते तुझं आहे. तू म्हणशील तेवढंच बोलेन, वर एक शब्द नाही. लवकर सांग, वाजून बंद होईल.

सून : सांगा, सोमवारी आली होती. गुलाबी होती.