उद्या होड्या वर येणार

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आदरणीय आप्पासाहेब, आज सेवानिवृत्त होणारे सत्कारमूर्ती सर्जेरावसाहेब, पहिल्या रांगेत बसलेल्या त्यांच्या मातोश्री सोजरबाई, आणि या नगररचना कचेरीतील बंधुभगिनींनो,

मी परवीन मुकादम, कातळबंदरची नगराध्यक्ष. आमच्या किनाऱ्यावर साहेबांनी आखलेली बाग, फिरायचा रस्ता आणि कारंजं होणार आहे. म्हणून ‘दोन शब्द चांगले बोला’ असं सांगून मला कोकणातून पुण्याला बोलावलं. चांगले शब्द आधी बोलून घेते, नाहीतर ते राहून जायचे.

साहेबांनी कुणाचा पेढासुद्धा कधी खाल्ला नाही. आम्ही पाठवलेले सुके बोंबील त्यांनी पोच लिहून परत केले. त्यांच्यामुळे आमच्या गावाला पाण्याची टाकी मिळाली, आणि ती अजून गळत नाही. सरकारी टाकीची याहून मोठी स्तुती मला येत नाही.

आता किनाऱ्याचं बोलते. साहेबांची माणसं जागेची पाहणी करायला आली ती जानेवारीत. जानेवारीत आमच्या होड्या कुठे असतात? समुद्रात. वाळूवर कुत्रंसुद्धा दिसत नाही. त्यांनी नकाशावर लिहिलं, ‘मोकळी जागा’. त्यांनी खोटं लिहिलं असं मी म्हणणार नाही. त्यांना दिसलं तेच त्यांनी लिहिलं.

पण आज एकतीस मे आहे. उद्यापासून मासेमारी बंद. उद्या सगळ्या होड्या ओढून वर आणायच्या, झावळ्यांनी शाकारायच्या आणि पावसाळाभर ठेवायच्या. कुठे? त्याच मोकळ्या जागेत. पिढ्यान्‌पिढ्या त्या तिथेच ठेवल्या जातात. आणि गेल्या आठवड्यात ठेकेदाराने तिथे कुंपणाचे पत्रे ठोकले आहेत.

माझा दीर रहीम आज सकाळी मला फोनवर म्हणाला, ‘भाबी, उद्या होडी काय उशाला घेऊन झोपू?’ पावसाळी उधाणात पाण्यात राहिलेली होडी खडकावर आपटून फुटते. होडी फुटली की ते घर बसलं.

काल संध्याकाळी साहेबांना भेटले. म्हणाले, ‘बाई, पाहणी नियमाने झाली आहे. बदल हवा असेल तर माझ्या जागी येणाऱ्यांना सांगा.’ आता त्यांच्या जागी कोण येणार, ते अजून मुंबईत ठरायचं आहे. तोवर भरती थांबेल का?

आप्पासाहेब, आपण मला घड्याळ दाखवता आहात. मीही मघापासून तेच दाखवते आहे.

आज सकाळी मी साहेबांच्या कोथरूडच्या घरी गेले. असं जाऊ नये, हे मला कळतं. तरी गेले. साहेब कचेरीला निघून गेले होते. सोजरबाईंनी चहा दिला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, ‘आमचं खळं बी असंच गेलं.’ साहेब तेव्हा शाळेत होते. गाव शहरात घ्यायचं ठरलं आणि मोजणीवाले आले ते भर श्रावणात. श्रावणात मळणीच्या खळ्यावर काय असणार? गवत. ‘सुगीत आले असते तर पाय ठेवाया जागा न्हवती,’ सोजरबाई म्हणाल्या. ‘पावसात आले, म्हणाले रिकामं हाय.’ खळ्यावरून रस्ता गेला. साहेबांचे वडील गेनबा कचेरीत हेलपाटे घालून थकले, पण कुणी पुन्हा बघायला आलं नाही.

साहेब, हे चारचौघांत बोलायचं नव्हतं. आपल्याला दुखवलं याचं मला वाईट वाटतं. पण अहो, आमचा किनारा म्हणजे आपलं खळंच आहे. बाग रद्द करा, असं मी म्हणत नाही. काम थांबवा, पत्रे काढायला सांगा आणि पावसाळ्यात जागा पुन्हा बघायचा हुकूम द्या, एवढंच मागते. सव्वासहाला कचेरी बंद होईपर्यंत आपणच साहेब आहात. त्यानंतर आपण आणि मी, दोघंही नुसते पाहुणे.

साहेब उठले.

आप्पासाहेब, त्यांना थांबवू नका. ते रागावून चालले असतील तर तो राग माझ्यावरचा आहे.

काय म्हणालात, आई? मागच्या मंडळींना ऐकू आलं नसेल, म्हणून सांगते. सोजरबाई म्हणताहेत, ‘बसा समदी. खोलीकडं चाललाय त्यो.’

होय, आपल्या कामाच्या खोलीकडेच. दारातून त्यांनी आपले कारकून मच्छिंद्रभाऊ यांना हाक मारली. ‘कातळबंदरची फाईल आणा. आणि शिक्का आणा.’ हे मात्र सगळ्यांनी ऐकलं.

आता सत्कारमूर्तीच आत गेल्यावर मी भाषण कुणासाठी लांबवू? मला बोलावलंत, ऐकून घेतलंत, याबद्दल आप्पासाहेबांची आणि आपणा सर्वांची मी ऋणी आहे. सोजरबाई, तुमची सगळ्यात जास्त. आनंदाच्या प्रसंगात मी तक्रार घेऊन आले, घरातलं दुखणं सभेत मांडलं, त्याबद्दल मोठ्या मनाने क्षमा करावी. साहेबांच्या गळ्यात हार तसाच आहे. तो काढायला कुणी आत जाऊ नका, आधी सही होऊ द्या.

मला रजा द्या. रहीमला फोन करायचा आहे. पत्रे काढायला माणसं जमवावी लागतील.