गरम तंगडी

लियाँ शहरातल्या उंच हॉटेलच्या गच्चीवर माएलिस बहिणीची वाट पाहत बसली होती. रविवारची दुपार, तरी खालची नदी धुक्यात बुडालेली. गच्ची जणू ढगावर तरंगत होती. शेजारच्या टेबलावर सत्तरीतली दोघं होती. त्यांच्यापुढे नुकतीच भाजलेली अख्खी कोंबडी आली.

"ऑर्तांसबाई, तंगडी तुम्हाला."

"नको हो गास्पार, मला पंखच द्या."

"पंख आवडतो?"

"कुणास ठाऊक! चाळीस वर्षं दर रविवारी मीच भाजायचे. तंगड्या मुलांना, छाती आमच्या ह्यांना, ते होते तोवर. मला उरायचा पंख."

"आज दोघंच आहोत. घ्या."

"अगंबाई, किती मऊ!"

"जपून, गरम आहे."

"तेच तर! मी जेवायला बसेपर्यंत सगळं गारढोण व्हायचं."

"मग माझ्याकडेच राहायला या ना. रविवारचा स्वयंपाक मी करीन."

"तुम्हाला येतो?"

"फक्त ऑम्लेट."

"दर रविवारी ऑम्लेट?"

"गरम असेल."

धुक्यातून चर्चच्या घंटा ऐकू आल्या. माएलिस नकळत त्यांच्याकडे वळली.

"ऑर्तांस, काहीतरी बोला की!"

"तोंडात घास आहे, बोलू कशी? मान डोलावली, ती दिसली नाही?"