छेरछेऱ्याचं चिनोर

(पौषाची पुनव. सालेकशाजवळच्या एका गावात मालगुजार ईश्वरदासचं आंगण. आज छेरछेरा, गावची पोरं सकाळीच घरोघर धान मागून गेली आहेत. आता दुपार.)

ईश्वरदास : खरं सांग शामकला, कोणत्या कोठीतलं देल्लीस?

शामकला : मोठ्या कोठीतलं. थे वासाचं बारीक धान, चिनोर.

ईश्वरदास : अन् ओसरीवर टोपला भरून ठेवलो होतो, थे?

शामकला : थे पोचट होतं, बाबूजी. फुकलं तं उडून जाते.

ईश्वरदास : दानासाठीच तं काढलो होतो थे!

शामकला : पण काल तुमीच मनले ना, शाळेले सुट्टी हाय तं जरा दान कराले शीक. आपल्याले आवडते थेच दुसऱ्याले द्यावं. मले चिनोरचा भात आवडते.

ईश्वरदास : अवो, थे पाहुण्याईसमोर बोललो होतो!

शामकला : पाहुणे नसले तं कोणतं द्यावं?

ईश्वरदास : चूप! किती जणाईले देल्लीस?

शामकला : आले त्या सबनाले. रुख्माचा भाऊ तापानं पडला हाय, त्याच्या वाट्याचं बी तिच्याच पदरात टाकली.

ईश्वरदास : सत्यानाश! ओसरीवरचा टोपला भरलेलाच दिसला, तवाच बिसरामले पाठवलो हाय सबन वापस आणाले. थो पाहा, आलाच. काऊन रे, पोतं रिकामं काऊन?

बिसराम : मांगलोच नाई, मालक.

ईश्वरदास : मांगला नाईस? मंग गेला कायले होतास?

बिसराम : रुख्माच्या दारी गेलो जी. तिची माय धान कांडून राहिली होती. मले पाहून हातच जोडलन. मने, मालकाले सांगजा, माह्या पोराच्या तोंडाले चव आली. आता तिले काय मनू? चावडीवर बी हेच बोलून राहिले. केशोराव मालगुजारानं त्याच्या गावात औंदा बी धान सोडून किडकं कोदो वाटलन. सबन हासून राहिले त्याले.

ईश्वरदास : केशोरावले? हासून राहिले?

बिसराम : हो जी. मनते, मालगुजार असावा तं आपल्या ईश्वरदाससारखा. तुमी मनसान तं आता जातो, मांगून आणतो.

ईश्वरदास : अरे थांब! पागल झाला का? देल्लेलं कोणी वापस मांगते? तू असं कर, चावडीवर जा. सांग का मालकानंच हुकूम देल्ला होता, औंदा चिनोरच वाटा मनून.

शामकला : पण बाबूजी, तुमी तं मले...

ईश्वरदास : इकडे ये बेटा. बस माह्याजवळ.

शामकला : मारसान नाई ना?

ईश्वरदास : नाई वो. शाबास हाय तुले.

शामकला : मंग बिसरामकाका चावडीवर माह्यं बी नाव सांगन का?

ईश्वरदास : नाई, बेटा. दान करणाऱ्यानं आपलं नाव सांगू नाई.