पातेलंभर भात

जर्मनीतल्या एर्लांगेनच्या बसमध्ये मागच्या सीटवरून मराठी ऐकू आलं, तशी मैत्रीने हळूच कानातलं गाणं बंद केलं. नवरा-बायको होते, बोलण्यावरून त्यांचं छोटं रेस्टॉरंट असावं.

"तो अन्न खात्याचा माणूस न सांगता तपासणीला आला तो आला, वर माझा पातेलंभर भात कचऱ्यात टाकायला लावला!"

"नंदा, रात्रभर ओट्यावर उघडा होता तो."

"मग? ताज्या भाताचा कधी फोडणीचा भात होतो का? जन्मभर खातोय आपण. काही झालं?"

"असा बाहेर राहिला की त्यात काहीतरी तयार होतं म्हणे. परत गरम केला तरी ते जात नाही."

"पण गिऱ्हाइकांना कुठे वाढणार होते मी? घरच्यांसाठी होता, सांगायचं ना त्याला!"

"सांगितलं की."

"मग काय म्हणाला?"

"म्हणाला, गेनाऊ, अगदी बरोबर, गिऱ्हाइकांसाठी मी येतो. तुमच्या घरच्यांसाठी कोण येतं?"

"मोठा शहाणा! नशीब, तो यायच्या आधीच दियाचा डबा भरून दिला होता मी. नाहीतर पोरगी आज उपाशीच राहिली असती."

पुढचा स्टॉप आला, माणसं चढली, दारं मिटली.

"अहो."

"हं."

"दिया जेवायला किती वाजता बसते हो?"

"बसली असेल आता. का गं?"

पर्सची चेन घाईघाईने उघडल्याचा आवाज आला. मग बराच वेळ नुसती रिंग.

"हॅलो, दिया? डबा उघडलास का गं?"