आईच्या नावाची सोडत

सोलमध्ये गायक दोह्यूनच्या सहीसाठी लागलेल्या रांगेत माझ्यापुढे मायलेकी होत्या.

“एका अल्बममागे सोडतीत एक नाव, म्हणून अल्बम सगळे मीच घेतले. एकच तुझ्या नावावर टाकला, तर सोडतीत नेमकं तुझंच नाव निघालं!”

“मग माझं ओळखपत्र घेऊन जा ना, हेवॉन.”

“दारावर चेहरा बघतात गं.”

“तुझ्या वयात आम्ही हिरवे फुगे घेऊन थंडीत कुडकुडत उभ्या राहायचो. आमच्या गायकाने एकदाही मान वर करून पाहिलं नाही.”

“तो आता टीव्हीवर स्वयंपाकाच्या कार्यक्रमात मुळा चिरतो. आमचा दोह्यून हात हातात घेऊन बोलतो.”

“खरंच? हातात?”

“आई, लिपस्टिक कशाला?”

“ओठ सुकलेत.”

“त्याला माझं नाव सांगशील ना?”

“वेळ उरला तर सांगते.”